तीसच्या पाटीपर्यंत

९ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार. वाकून केलाय असं समज. खरं तर पोटऱ्या इतक्या भरल्यात की वाकता येत नाहीये.

आईनं तुझ्या कानावर घातलंच असेल, तरी माझ्या तोंडून ऐक. मी कॉलेज सोडलं. सकाळच्या धावण्यामुळे पहिल्या तासाला उशीर झाला, सरांनी डस्टर फेकलं, मी ते परत फेकलं. टेबलावर, अंगावर नव्हे. पण प्राचार्यांच्या मते डस्टर फेकायचा हक्क एकाच बाजूला असतो. माफी लिहून दे म्हणाले. मी म्हटलं, आधी त्यांनी लिहावी. संपलं. बाबा तेव्हापासून माझ्याशी आईमार्फत बोलतात. काल मी समोरच बसलो होतो, तर आईला म्हणाले, "त्याला सांग, मीठ इकडे सरकव."

आता खेळाच्या सामानाच्या दुकानात रॅकेटांच्या जाळ्या विणतो. मालक म्हणतो हात चांगला आहे, डोकं गरम आहे. राग आला की तार जास्त ओढली जाते आणि तुटते.

आणि मामा, खरी बातमी पुढेच आहे. मी पेसर झालोय. तुला काय सांगायचं, पण मामी वाचेल म्हणून लिहितो: मॅरेथॉनमध्ये कुणा एकासाठी पुढे पळून वेग धरून द्यायचा, त्यानं डोकं न चालवता मागे यायचं. तीस किलोमीटरच्या पाटीशी पेसरनं गुपचूप बाजूला व्हायचं. उरलेले बारा ज्याचे त्याचे. मी जिच्यासाठी पळतो तिला मैदानावर सगळे 'मुंगी' म्हणतात. बारीक पावलं आणि थांबणं ठाऊक नाही, म्हणून. पुढच्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत जायचं तर तिला यंदा वर्ष संपायच्या आत दोन तास चाळीसच्या आत यावं लागेल. ती येणार. मी आणणार.

तू दर वर्षी ३१ डिसेंबरला ते पान काढतोस ना, सरत्या वर्षाचं क्रीडाविश्व? त्यात यंदा तिची एक ओळ ठेव. आत्ताच मोकळी सोड. दुसरं काही मागत नाही.

मामीला नमस्कार.

तुझा,
काडेपेटी

२२ जानेवारी

चि. काडेपेटी,

आशीर्वाद. डस्टरबद्दल ताईकडून कळलं होतं. तिच्या पत्रात ते अंगावर गेलं होतं, तुझ्या पत्रात टेबलावर. बातमी दोन्हीच्या मध्ये कुठेतरी असावी.

ओळ मोकळी सोडता येत नाही रे. पानावर ओळ येते ती निकालाची. झालेल्या निकालाची. तीस वर्षं मी हेच करतोय: टेलिप्रिंटर खडखडतो, कागद बाहेर येतो, मी विशेषणं कापतो, जुळारी छपाईचे खिळे जुळवतो. तुझ्या पत्रातली विशेषणं कापली तर मुलगी पळते आणि तू पुढे पळतोस, एवढंच उरतं. आणि खरं सांगू, तेवढं पुरे आहे.

वर्षाची सुरुवात बरी झालेली नाही. टेनिसमधला तो जुना विजेता पहिल्याच फेरीत एका पोरसवद्या खेळाडूकडून हरला. तिकडे उन्हाळा, ऊन मी म्हणत होतं. हरल्यावर त्यानं आपली पिशवी भरली, मग समोरच्याचा राहिलेला टॉवेल घडी करून खुर्चीवर ठेवला आणि निघून गेला. ही बातमी आली तीन ओळींची. टॉवेल मी ठेवला, वरिष्ठांनी कापला.

मामी म्हणते, त्या मुलीला तू आवडतोस का, हे पत्रात कुठेच नाही. तिचं असंच असतं. पानाचं प्रूफ तीच वाचते, हे तुला माहीत आहेच. खेळातलं तिला ओ की ठो कळत नाही, पण गाळलेला शब्द तिला बरोबर सापडतो. हल्ली जिना चढताना तिला दम लागतो. थंडी असेल.

मामा

१६ मार्च

प्रिय मामा,

मामीला सांग, आवडतो! म्हणजे तोंडानं म्हणाली नाही. पण परवा सराव संपल्यावर म्हणाली, "उद्या अर्धा तास लवकर ये." आता तूच सांग, लवकर कशाला? नुसतं पळायचं असतं तर नेहमीच्या वेळी चाललं असतं. (पळालोच. पण लवकर.)

एक गंमत सांगू? मी तिला पाहतच नाही. पेसरनं मागे बघायचं नाही, सरांचा कडक नियम. सर म्हणजे तिचे प्रशिक्षक. सायकलवरून शेजारी येतात, गळ्यात घड्याळ, तोंडात शिव्या. त्यामुळे मला तिचे पाय तेवढे ऐकू येतात. डावा बूट किंचित घासतो. चढ आला की श्वास दोन पावलांऐवजी एका पावलावर येतो. दमली की घासणं थांबतं, कारण पाय आपटायला लागतात. शंभर जणींत डोळे मिटून ओळखीन. तुमच्या त्या टेलिप्रिंटरचा खडखडाट तुला कसा कळतो, फुटबॉल आलंय की बुद्धिबळ, तसं.

सर म्हणतात, "तू तिचा घोडा नाहीस आणि नवरदेवही नाहीस. तू भिंत आहेस. वारा अडव आणि तीसला बाजूला हो. हात लावायचा नाही, बोलायचं नाही, वळायचं नाही." मी म्हटलं, भिंत बाजूला कशी होणार? तर सायकलचा पंप फेकून मारला. माझ्या नशिबात सगळे फेकणारेच.

निवड शर्यत १७ ऑगस्टला आहे, नदीकाठच्या शहरात. तयारीत राहा.

मामीला नमस्कार.

काडेपेटी

४ एप्रिल

चि. काडेपेटी,

तुझं पत्र मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. 'लवकर ये'वर ती बराच वेळ हसली, मग खोकली. म्हणाली, "पोरगं फार पोळणार हो." मी तिला म्हटलं, सर बरोबर सांगतायत, भिंत हा शब्द चांगला आहे.

बुद्धिबळाची लढत संपली, वाचलं असशील. पण तुला आतली गोष्ट सांगतो. डाव रात्री अर्धवट थांबला होता. विजेत्यानं आपली चाल पाकिटात बंद करून पंचांकडे दिली होती. दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं, आव्हानवीर येऊन बसला, आणि विजेत्याचा फोन आला की तो डाव सोडतोय. पाकीट उघडलंच नाही. चाल काय होती, हे आता कुणालाच कळणार नाही. मी दोन दिवस त्या पाकिटाचा विचार करतोय.

मामीच्या तपासण्या चालू आहेत. छातीचे फोटो काढले. डॉक्टर तरुण आहे, बोलताना माझ्याकडे न बघता फोटोकडे बघतो.

बाबांशी बोल. मीठ स्वतः सरकव.

मामा

११ जुलै

प्रिय मामा,

मोठी खबर! परवा तीस किलोमीटरचा सराव पूर्ण ठरल्या वेगात झाला. शेवटी मी बाजूला झालो तर ती माझ्या पाठीवर थाप मारून पुढे गेली. थाप! सर म्हणाले, घामावर माशी बसली होती. सर काहीही म्हणतात.

मी ठरवलंय, १७ ऑगस्टला ती शर्यत संपवून आली की बोलणार. वाक्यसुद्धा पाठ केलंय. तुझ्या भीतीनं विशेषणं काढून टाकली, तर अवघे चार शब्द राहिले.

फुटबॉलची अंतिम लढत आम्ही सगळ्यांनी दुकानात पाहिली. मालकानं शटर अर्धं ओढलं होतं. तो बचावपटू, ज्यानं स्वतःच्याच जाळीत चेंडू मारला, त्याला शिव्या घालून घालून माझा घसा बसला. मुंगीही आली होती. ती म्हणाली, "तो परत धावला कशाला? जागेवर उभा राहिला असता तर गोलरक्षकानं धरला असता." मी म्हटलं, वाचवायला गेला बिचारा. तर म्हणाली, "त्याला कोणी सांगितलं होतं?" बायकांना फुटबॉल कळत नाही.

बाबांनी काल थेट विचारलं, "जेवलास का?" मी "हो" म्हटलं. आई रडायला लागली. आमच्या घरात कशाचाही सोहळा होतो.

मामीला नमस्कार सांग.

काडेपेटी

२६ जुलै

चि. काडेपेटी,

हे इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर समजून घे. मामीला जूनअखेरीपासून इथे ठेवलंय. भेटीची वेळ चार ते सहा. सहाला नर्स घंटा वाजवते आणि आम्ही सगळे नातेवाईक शाळा सुटल्यासारखे बाहेर पडतो. मग कचेरीत जाऊन रात्रपाळी.

डोंगरातली सायकल शर्यत यंदा जो जिंकला, त्याचं नाव तू ऐकलंच असशील. त्याच्या पुढे तीन घाट त्याच्याच संघातला एक जण चढला, वारा अंगावर घेत. शेवटच्या माथ्यावर तो बाजूला झाला, सायकल आडवी टाकली आणि कठड्यावर बसला. एकशे चाळिसावा आला. मी त्याचं नाव पानासाठी लिहून ठेवलंय. कापतील, तरी लिहून ठेवलंय.

तुला हे मुद्दाम सांगतोय, हे तुझ्या डोक्यात शिरेल का?

मामी विचारत होती, तू चार शब्द बोलणार ते शर्यतीच्या आधी नाही ना. मी तिला सांगितलं, नंतर. ती म्हणाली, मग ठीक. शर्यतीचा निकाल मी तिला स्वतः वाचून दाखवीन. आत्ताच तसं कबूल करून घेतलंय तिनं.

मामा

२० ऑगस्ट

मामा,

हे पत्र मी मित्राच्या खोलीवरून लिहितोय. घरी पत्ता कळवू नकोस. कुणालाच नको.

तुझ्या टेलिप्रिंटरवर आलंच असेल. 'बाद.' दोन अक्षरं. तुला कापायलाही काही उरलं नसेल.

तीसपर्यंत सगळं ठरल्यासारखं झालं. उलट चार-पाच सेकंद हातात होते. पाटी आली, मी डावीकडे झालो, ती गेली. मी बाजूला बसलो, कुणीतरी अंगावर चादर टाकली, पाणी दिलं. तिथेच बसून राहिलो असतो तर! पण तो रस्ता नदीला वळसा घालून परत येतो. पादचारी पूल ओलांडला की सदतीसची पाटी समोर. मला नुसतं बघायचं होतं, मामा. आईशपथ. एकदा तिचं तोंड बघायचं होतं.

ती आली. खांदा एका बाजूला कललेला. डावा बूट घासत नव्हता, दोन्ही पाय आपटत होते. तुला लिहिलं होतं ना, तेव्हा काय होतं ते? मला दुसरं काही सुचलंच नाही. चादर टाकली आणि तिच्या पुढे धावायला लागलो. म्हटलं, "ऐक, नुसती माझ्या मागे ये." आणि ती आली! पावलं परत बारीक झाली. घासणं परत सुरू झालं.

पंच मोटारसायकलवर होता. म्हणाला, "ए, तू शर्यत सोडलीयेस, बाहेर हो." दुसऱ्यांदा म्हणाला, "शेवटचं सांगतोय." मी त्याला काय म्हणालो ते लिहीत नाही. मामी वाचते. चाळीसपर्यंत तिच्या पुढे होतो. मग दोघा पोलिसांनी मला उचलून बाहेर काढलं.

ती वेळेत आली. सतरा सेकंद राखून. फलकावर आकडा लागला, ती हात वर करून उभी राहिली, आणि मग आकडा काढून घेतला. शर्यत सोडलेल्यानं वेग धरून दिला, म्हणून बाद. तिला कुणी सांगत होतं, ती मान हलवत होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मला तिचं तोंड बघायचं होतं ना? पाहिलं.

सरांनी मला मारलं नाही. नुसते म्हणाले, "जा." त्यांनी काही फेकून मारलं असतं तर बरं झालं असतं.

हा कसला नियम आहे? मी तिला ओढत नेलं का? पाठीवर घेतलं का? पळाली तर तीच ना! मामा, तू मोठ्या वर्तमानपत्रात आहेस. लिही काहीतरी. आणि डिसेंबरच्या पानात तिची ओळ टाक, वेळेसकट. ती पळालीय ती वेळ. खोटं नाही ते. एवढंही तू करणार नसशील तर तुमच्या त्या पानाला काही अर्थ नाही.

५ सप्टेंबर

चि. काडेपेटी,

तुझं पत्र आलं तेव्हा घरात माणसं होती, म्हणून उत्तराला उशीर झाला.

मामी गेली. तुझ्या शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे. ताई आली होती, तीन दिवस राहिली. तुला कुठे कळवायचं हे तिला ठाऊक नव्हतं. तुझे बाबा दुकानात, मैदानावर, तुझ्या मित्रांच्या घरी शोधत फिरत होते, असं तिनं सांगितलं. घरी जा. हे पत्र वाचून झालं की आधी घरी जा.

रविवारी संध्याकाळी तुझा निकाल घेऊन मी तिच्याकडे गेलो होतो. दोन्ही बातम्या होत्या हातात, आधीची आणि मग दुरुस्तीची. पहिलीच वाचली. ती खूश झाली. म्हणाली, "बघा, पोहोचवलीन की नाही." दुसरी मी उद्या वाचीन म्हणून खिशात ठेवली. तीस वर्षांत अर्धी बातमी मी प्रथमच दिली.

सहाला घंटा झाली. ती म्हणाली, "बसा की जरा." मी म्हटलं, "नियम आहे, उद्या येतो." नर्स काही बोलली नसती. तिनं पाहूनही न पाहिल्यासारखं केलं होतं. पण मी उठलो. छत्री घेतली आणि निघालो.

तेव्हा तू मला विचारतोस की हा कसला नियम. मला सांगता येत नाही रे. पूर्वी आलं असतं.

पण ओळीचं सांगता येईल. ती मी टाकणार नाही. ती मुलगी पळाली हे खरं, आणि वेळ तिची राहिली नाही हेही खरं. पानावर मला एकच खरं टाकता येतं. तू पंचाला शिव्या दिल्यास, मला दिल्यास, नियमाला दिल्यास. तिला काय वाटलं हे चार पानांत कुठेही नाही. मामीनं हे जानेवारीतच पकडलं होतं.

मामा

१२ सप्टेंबर

(मुंगीचं पत्र. दुकानाच्या पत्त्यावर आलं.)

मी आता सरांबरोबर डोंगरावरच्या शिबिरात आहे. तू मैदानाच्या फाटकाशी रोज उभा असतोस असं कळलं. उभा राहू नकोस. मी तिथे नाही.

सगळे म्हणतात, त्यानं तुझ्यासाठी केलं. मी सांगितलं होतं का? सदतीसला मी दमले होते, हे खरं. पण मला ठाऊक होतं की मी दमणार, आणि त्यावर काय करायचं तेही. ते बारा किलोमीटर मी वर्षभर मनात पळत होते. एकटी. मला कळायचंच होतं की मी एकटी पोहोचते का. ते तू मला कळू दिलं नाहीस. आता लोक विचारतात, तो नसता तर आली असतीस का, आणि मला उत्तर देता येत नाही.

मीही तुझ्या मागे गेले, हे खरं आहे. पाठ दिसली आणि पाय गेले. सवय. त्याबद्दल मला तुझ्यापेक्षा माझाच राग जास्त येतो.

तुझ्या मनात काय आहे हे मला माहीत होतं. पेसर चांगला होतास म्हणून मी गप्प राहिले. ते मी करायला नको होतं. तसं माझ्या मनात नाही. आधी नव्हतं, आताही नाही.

लवकर ये म्हणायचे ते उन्हामुळे.

२५ सप्टेंबर

प्रिय मामा,

घरी आलो. बाबांनी दार उघडलं. पाण्याचा तांब्या आणून दिला.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग जानेवारीपासूनची तुझी सगळी पत्रं काढली. जिना, खोकला, फोटो, इस्पितळ. सगळं लिहिलेलं होतं. आणि मी प्रत्येक वेळी लिहिलं, 'मामीला नमस्कार.' तिला काय झालंय असं एकदाही विचारलं नाही.

मागच्या पत्रात पानाबद्दल जे लिहिलं ते वाचू नकोस. वाचलं असशील. तरी वाचू नकोस.

दुकानात जातो. तारा तुटत नाहीत हल्ली. तिचं पत्र आलं. त्यातलं काही लिहीत नाही. ती बरोबर आहे.

तू जेवतोस का वेळेवर?

काडेपेटी

१० नोव्हेंबर

(तिचं पत्र.)

७ डिसेंबरला शर्यत आहे. यंदाची शेवटची. सरांनी ठरवलेल्या पेसरच्या पायाचं हाड मोडलं. इतक्या थोड्या दिवसांत दुसरा कुणी माझ्या वेगाचा मिळत नाही. सर नको म्हणाले, मी विचारते म्हटलं.

तीसच्या पाटीशी सोडशील? हो किंवा नाही, एवढंच लिही.

१३ नोव्हेंबर

हो.

८ डिसेंबर

प्रिय मामा,

काल पळालो.

सकाळी सुरुवातीच्या रेषेपाशी भेटलो. ती म्हणाली, "बुटाची नाडी दोनदा बांध." मी बांधली. सर लांब उभे होते. त्यांनी घड्याळ दाखवलं, मी मान हलवली. तेवढंच बोलणं.

थंडी होती, वारा समोरून. भिंत व्हायला हवा तसा दिवस. पंचवीसपर्यंत मागे घासणारा बूट व्यवस्थित ऐकू येत होता. अठ्ठावीसला चढ लागला, श्वास एका पावलावर आला. एकोणतीसला पाय आपटायला लागले. लवकर, मामा. ऑगस्टपेक्षा लवकर. अजून तेरा होते तिच्यापुढे.

पाटी दिसली तेव्हा मला वाटलं होतं काहीतरी मोठं होईल छातीत. काही झालं नाही. मी डावीकडे झालो आणि थांबलो. हात लावला नाही, बोललो नाही. तिचा आवाज शेजारून गेला, मग पुढे गेला. आणि मग मला तिची पाठ दिसली. वर्षभरात पहिल्यांदा नीट पाहिली. उजव्या खांद्यावर शर्टाची शिवण उसवलेली होती. वळणापर्यंत दिसत होती, मग एक पाण्याचा टँकर आडवा आला.

तिथे एक बाई गरम पाण्याच्या पिशव्या वाटत होत्या. त्यांनी विचारलं, "पाय मोडला का रे?" मी म्हटलं, नाही, माझं इथपर्यंतच होतं. शेवटच्या रेषेकडे जाणाऱ्या गाड्या होत्या. मी उलट्या दिशेची बस पकडली आणि घरी आलो.

त्यामुळे मला निकाल माहीत नाही. दुकानात रेडिओ लावू दिला नाही, सकाळचा पेपर उघडला नाही. तुझ्याकडे आला असेल. तू सांग. तुझ्याकडून कळलेलं मला चालेल.

मामा, तू त्या दिवशी छत्री घेऊन निघालास, मामीला वाईट वाटलं नसेल रे. तिला माहीत होतं, तू उद्या येणारा माणूस आहेस. मी नसतो आलो.

काडेपेटी

१३ डिसेंबर

चि. काडेपेटी,

बातमी जशी आली तशी देतो: दुसरा क्रमांक. दोन तास, एकोणचाळीस मिनिटं, एक्कावन्न सेकंद. पुढील वर्षाच्या जागतिक स्पर्धेस पात्र. निकाल कायम.

एवढंच आहे. पेसरचा उल्लेख नसतो.

ताईला तुमच्या मैदानावरून कळलंय की ती मुलगी जानेवारीत परदेशातल्या शिबिराला जाणार, वर्षभरासाठी. तुला कुणीतरी सांगणारच, म्हणून मीच सांगतो.

सोबत पानाचं प्रूफ आहे. सगळं वर्ष आहे त्यात: टेनिसवाला, बुद्धिबळवाला, स्वतःच्या जाळीत मारणारा, डोंगरातला सायकलवाला. कठड्यावर बसलेल्याचं नाव कापलं, ठरल्याप्रमाणे. बावीस वर्षं हा कागद मी घरी आणायचो आणि ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, बोट ठेवून, पुटपुटत वाचायची. परवा सवयीनं आणला. टेबलावर ठेवला. सकाळी तसाच होता.

मला माझ्या चुका दिसत नाहीत. तू वाच. बोट ठेवून वाच, घाई करू नकोस. जुळारी वीस तारखेपर्यंत थांबेल.

मामा

१८ डिसेंबर

प्रिय मामा,

प्रूफ वाचलं. आईनं टेबल मोकळं करून दिलं, बाबांनी दिवा आणला आणि चष्मा लावून उगीचच शेजारी बसले. बोट ठेवून वाचलं, पुटपुटलो. चुका खाली देतो.

टेनिसच्या परिच्छेदात 'पहिल्या फेरीत'मधला 'फेरीत' गळलाय.

फुटबॉल: अंतिम सामन्याची तारीख एका दिवसानं चुकलीय. त्या दिवशी दुकानात आम्ही होतो, म्हणून मला खात्री आहे.

जलतरणाच्या विक्रमात मिनिटांच्या जागी तास पडलेत. पोरगी अजून पोहत असेल.

सायकल शर्यतीच्या ओळीपुढे अर्धी ओळ जागा उरतेय. कठड्यावरच्या माणसाचं नाव तिथे बसतं. मोजून पाहिलं. वरिष्ठांना विचार, नाही म्हणाले तर राहू दे.

रविवारी मी तुझ्याकडे येतोय, चार दिवस राहीन. दुकानातून सुट्टी घेतलीय, न भांडता. मामीच्या कपाटातलं काय ठेवायचं, काय द्यायचं, ते आपण दोघं बघू. तुला एकट्यानं उघडवत नाही असं आई म्हणत होती.

तिच्या ओळीत चूक नाही. दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचायला गेलो नाही.

काडेपेटी